हप्ते माझे, सेटिंग कंपनीचं

निकाल आधी सांगते, कारणं मागून. नेटवर्कला पाचपैकी चार तारे. फोनला, म्हणजे त्या यंत्राला, पाच. आणि विकण्याआधी मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीने त्या फोनमध्ये जे करून ठेवलंय, त्याला एक.

कंपनीच्या दुकानातून, कंपनीच्या हप्त्यांवर फोन घेऊ नका. तोच फोन बाहेरून घेता येत असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून घ्या. बाहेरून घेतला तरी एक मोठी अडचण उरतेच, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, "बरं झालं, माझी कंपनी दुसरी आहे," आणि पुढे वाचत नाही. जे माझ्या वाट्याला आलं ते करण्याची सोय जवळपास प्रत्येक मोबाइल कंपनीच्या हातात असते.

माझं काम असं, की मी ध्वनिमुद्रणं ऐकून ती लिहून काढते. मुलाखती, परिसंवाद, संशोधकांनी फिरून गोळा केलेल्या आठवणी. तासाभराचं मुद्रण न दाबता, पूर्ण दर्जाचं दिलेलं असेल तर एक फाइल सहाशे एमबीच्या पुढे जाते. लॅपटॉप, हेडफोन आणि हॉटस्पॉट, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणारी सोय, एवढ्यावर माझा धंदा चालतो. ज्यांच्याकडे काम असतं त्यांच्या कार्यालयात बसून फाइल उतरवून घ्यायची, नमुन्याचं पान तिथल्या तिथे लिहून पाठवायचं, मग पुढचं काम मिळतं. म्हणून फोन घेताना मी कॅमेऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. बॅटरी किती चालते आणि डेटा महिन्याला किती, एवढंच विचारलं. उत्तरं चांगली होती. प्लॅन मोजून मिळणाऱ्या डेटाचा होता: महिन्याला इतके जीबी, संपले की संपले.

पहिल्यांदा हॉटस्पॉट लावायला गेले तेव्हा सेटिंगमध्ये ती ओळच नव्हती. बंद नव्हती, राखाडी नव्हती, नव्हतीच. वरच्या शोधाच्या चौकटीत शब्द टाकला, काही सापडलं नाही. कुणालाही यातून एकच अर्थ लागेल, की या मॉडेलमध्ये ही सोय दिलेली नाही.

पण माझ्या मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे, तोच रंग, तेवढीच मेमरी, फक्त कंपनीबाहेरून घेतलेलं. तिच्या फोनमध्ये ती ओळ होती. आम्ही सिमकार्डांची अदलाबदल करून पाहिली. माझं सिम तिच्या फोनमध्ये घातलं तर ओळ दिसत राहिली, पण बटण दाबल्यावर दोन क्षण फिरून संदेश आला की या सेवेसाठी आपल्या सेवा कंपनीशी संपर्क साधा. तिचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं तर फोनने ते घेतलंच नाही, अनलॉक कोड मागितला. म्हणजे कुलपं दोन होती. एक फोनमध्ये, कंपनीने विकण्याआधी घातलेलं. दुसरं त्यांच्या सर्व्हरवर, माझ्या खात्यापुढे.

हे कसं चालतं ते मी नंतर नीट समजून घेतलं, आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवं. हॉटस्पॉट चालू करताना बरेच फोन आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतात की या ग्राहकाला परवानगी आहे का. सर्व्हर नाही म्हणाला की फोन हॉटस्पॉट लावत नाही. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा डेटा वेगळ्या वाटेने पाठवायला लावणारं एक सेटिंग कंपनी घालून देऊ शकते, म्हणजे फोनचा डेटा आणि लॅपटॉपचा डेटा आधीच दोन रांगांत उभा राहतो. आयफोनमध्ये प्रत्येक कंपनीची एक छोटी सेटिंगची फाइल असते, आणि कुठली सोय दाखवायची, कुठली नाही, यातलं बरंच त्या फाइलमधून ठरतं. 'अबाउट'मध्ये जाऊन पाहा, तिथे कंपनीच्या नावापुढे त्या फाइलची आवृत्ती लिहिलेली असते.

तिसरी युक्ती आणखी सूक्ष्म आहे. इंटरनेटवर जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो, टीटीएल म्हणतात त्याला. तुकडा वाटेतल्या एका यंत्रातून पुढे गेला की आकडा एकाने कमी होतो. फोन स्वतःचा तुकडा सहसा ६४ वर सोडतो. तेच लॅपटॉपकडून आलेला तुकडा फोनमधून पुढे गेला की ६३ वर येतो, आणि विंडोजचा असेल तर १२८ वरून १२७ वर. कंपनीने टॉवरमागच्या यंत्रणेत एवढा आकडा पाहिला तरी कळतं की हा डेटा फोनने स्वतःसाठी मागितलेला नाही. तुकड्यात काय आहे ते वाचायचीही गरज पडत नाही.

एवढी हुशारी कशासाठी, तर मी विकत घेतलेला डेटा मी कुठल्या पडद्यावर पाहते यावर लक्ष ठेवायला.

ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

"मॅडम, हॉटस्पॉट ही आपल्या प्लॅनमध्ये समाविष्ट नसलेली सुविधा आहे. आपण ॲड-ऑन घेऊ शकता."

"ॲड-ऑनमध्ये जास्तीचा डेटा मिळतो का?"

"नाही मॅडम, डेटा आपल्या प्लॅनमधलाच वापरला जाईल."

"म्हणजे ज्या डेटाचे पैसे मी भरलेत, तोच वापरण्यासाठी पुन्हा पैसे?"

"मॅडम, तो फोनवर वापरायचा डेटा आहे."

या वाक्यावर मी बराच विचार केला, कारण सगळा वाद त्यातच आहे. अमर्याद डेटाच्या प्लॅनमध्ये कंपनी म्हणू शकते की आम्ही फोनपुरता अंदाज धरून दर लावला, लॅपटॉप जोडलात तर वापर कितीतरी वाढतो. मला ते पटत नाही, पण त्यात विचार करण्यासारखं काहीतरी आहे. मोजून विकलेल्या डेटात तर तेवढंही नाही. माझे दहा जीबी ठरलेत. ते मी फोनवर सिनेमा पाहून संपवले काय किंवा लॅपटॉपवर मुलाखती उतरवून संपवले काय, टॉवरवर ओझं दहा जीबींचंच येतं. नळाचं मीटर लावून पाण्याचे पैसे घ्यायचे आणि वर बादली कुठली लावायची तेही आपणच ठरवायचं, असा हा प्रकार आहे.

यावर ठिकठिकाणी भांडणं झालीत आणि ग्राहकांच्या बाजूने निकालही लागलेत. अमेरिकेत व्हेरायझनने गूगलच्या दुकानातून हॉटस्पॉटची ॲप आपल्या ग्राहकांना मिळू नयेत अशी व्यवस्था केली होती. ज्या लहरींवर त्यांचं ४जी चालत होतं, त्यातल्या एका पट्ट्याच्या परवान्यातच अट होती की ग्राहकाला हवं ते उपकरण आणि हवं ते ॲप वापरू द्यायचं. २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी तडजोड करून कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरले, आणि मोजक्या डेटाच्या ग्राहकांना ती ॲप मोकळी झाली. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमात आपल्या पसंतीचं उपकरण वापरण्याचा हक्क सरळ लिहून दिलाय. तरी जर्मनीत एका कंपनीने करारात कलम घातलं होतं की हा इंटरनेट बॅटरीवर चालणाऱ्या, हातात घेऊन फिरता येणाऱ्या उपकरणांतच वापरायचा, भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या राउटरमध्ये सिम घालायचं नाही. ग्राहक संघटना न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं.

म्हणजे 'फोनवर वापरायचा डेटा' असा काही वेगळा पदार्थ नसतो. तो कंपनीने ठेवलेला भाव आहे, आणि भाव म्हणूनच त्यांनी तो समोर मांडावा. मला खरा राग ॲड-ऑनचा नाही. दुकानात पाटीवर "हॉटस्पॉट नाही" असं लिहिलं असतं तर मी शेजारच्या दुकानात गेले असते आणि हा अभिप्राय लिहिला नसता. राग या गोष्टीचा आहे की त्यांनी पडद्यावरून ओळच काढून टाकली. नकार कुणी दिला तेच दिसू नये, आपल्याला वाटावं की यंत्रालाच हे येत नाही. कितीतरी लोक असा फोन वापरून, पुढे मोडीत काढून मोकळे झाले असतील आणि त्यांना आयुष्यात कळलं नसेल की त्या फोनला हे येत होतं.

आता ती दुसरी अडचण, बाहेरून फोन घेणाऱ्यांसाठी.

माझ्याकडे एक जुना फोन आहे, पूर्ण पैसे भरून घेतलेला, कुठल्याच कंपनीला न बांधलेला. त्यात मी याच कंपनीचं सिम घालून पाहिलं. इंटरनेट झकास चाललं, पण फोन लावला की वरचं ४जीचं चिन्ह गायब, जुन्या नेटवर्कचं चिन्ह हजर, आणि बोलणं संपेपर्यंत इंटरनेट रांगत चाललेलं. ४जीचं नेटवर्क मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं आहे. त्यावरून बोलायचं तर आवाजही डेटा म्हणून पाठवावा लागतो, तेच व्होल्टे. ते नसेल तर फोन बोलण्यापुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. माझ्या जुन्या फोनला व्होल्टे येतं. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की त्याच फोनमध्ये, त्याच खोलीत ते चालतं. या कंपनीच्या सिमवर चालत नाही, कारण व्होल्टेसाठी त्यांनी मान्य केलेल्या फोनांच्या यादीत हे मॉडेल नाही.

वाय-फायवरून कॉल करण्याचंही तेच. मी ज्या खोलीत काम करते ती घराच्या आतल्या बाजूला आहे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून निवडलेली, त्यामुळे रेंजही येत नाही. वाय-फाय मात्र उत्तम आहे. अशा जागेसाठीच ही सोय केलेली असते: फोन वाय-फायवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक सुरक्षित वाट काढतो आणि नेहमीच्या नंबरवर नेहमीसारखा कॉल येतो. बाबा व्हॉट्सॲप वापरत नाहीत. त्यांना नंबर दाबून फोन लावायचा माहीत आहे, आणि या वयात त्यांनी दुसरं काही शिकावं असा माझा आग्रह नाही. कंपनीने विकलेल्या फोनवर त्यांचा कॉल आतल्या खोलीत येतो. जुन्या फोनवर, त्याच सिमवर, त्याच वाय-फायवर येत नाही, बाहेर आल्यावर 'मिस्ड कॉल' दिसतो. "कामात होतीस का गं?" असं ते विचारतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

इथे कंपनीची बाजूही मांडते, कारण ती पूर्ण खोटी नाही. डेटावरून आवाज पाठवणं हे फोन, त्यातलं सॉफ्टवेअर आणि कंपनीची यंत्रणा या तिघांचं जुळवून घ्यावं लागतं, आणि सगळ्यात नाजूक भाग असतो आपत्कालीन कॉलचा. ऑस्ट्रेलियात हे फार ठळकपणे समोर आलं. काही फोन रोजचे कॉल ४जीवरून करत होते, पण तिथल्या आपत्कालीन ००० या क्रमांकासाठी मात्र ३जीवर उतरत होते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर टेलस्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद करायला घेतलं, तेव्हा असे फोन ऐन संकटात मुके झाले असते. म्हणून तिथल्या नियमानुसार कंपन्यांना ते फोन नेटवर्कवरून काढावे लागले. कारण जीवाचं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण मग यादी उघडी ठेवा. कुठली चाचणी केली, कुठल्या मॉडेलची केली, कुठलं का नापास झालं, हे लिहा. अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केलं, त्याआधी चालणाऱ्या मॉडेलांची यादी तरी जाहीर केली होती. त्या यादीबाहेर राहिलेल्या कित्येकांचे धडधाकट फोन निकामी झाले आणि त्यावर लोक चिडले ते योग्यच होतं, पण निदान पाहायला यादी होती. माझ्या कंपनीच्या संकेतस्थळावर 'सुसंगत उपकरणे' असं एक पान आहे. त्यात आहेत ते फोन तीच कंपनी विकते. एखादं मॉडेल तिथे का नाही, तपासलं की नाहीच तपासलं, याचा कुठे उल्लेख नाही. यादीच्या आड सुरक्षितता आहे की दुकानदारी, हे ग्राहकाला ओळखता येऊ नये हे मला मान्य नाही. जुनं नेटवर्क सगळीकडे आज ना उद्या बंद होणार आहे. त्या दिवसापासून ही यादीच ठरवेल की पूर्ण पैसे भरून घेतलेल्या फोनवरून बोलता येईल की नाही.

सिम लॉकबद्दल थोडक्यात. हप्ते फिटेपर्यंत फोन कंपनीच्या सिमला बांधलेला राहणार, हे मला दुकानात सांगितलं होतं आणि ते मी मान्य करून सही केली. फोन कमी पैशांत आधी हातात देतात, मग तो घेऊन ग्राहक निघून जाऊ नये एवढी काळजी त्यांनी करावी हे समजतं. समजत नाही ते पुढचं. हप्ते संपले की कुलूप आपोआप निघेल का, या प्रश्नाला दुकानात "हो, आपोआप" असं उत्तर मिळालं आणि फोनवर "अर्ज करावा लागेल, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, द्यावा लागेल, खात्यावर थकबाकी नसावी" असं. लेखी मागितलं तर अटी आणि शर्तींच्या पानाचा दुवा आला, त्यात "कंपनीच्या धोरणानुसार" एवढंच. परदेशी जाताना तिथलं स्वस्त सिम घालता येणार नाही, रोमिंगच घ्यावं लागेल, हे तर कुणी बोललंच नाही. ई-सिमने सुटका होईल असं वाटत असेल तर तसं नाही, कुलूप तिथेही लागू असतं.

हप्त्यांची वसुली कुलपाशिवाय होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन मोकळेच विकावे लागतात आणि जुने फुकट मोकळे करून द्यावे लागतात. जपानने २०२१ च्या ऑक्टोबरपासून नव्या फोनवर असं कुलूप घालणं बंद केलं, ब्रिटनने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत, फोन करारावर विकतातच आहेत. अमेरिकेत मात्र २०१३ च्या जानेवारीत अशी वेळ आली की कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं कॉपीराइटच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकत होतं. एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, तेव्हा २०१४ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ती मुभा परत आणावी लागली. स्वतःच्या फोनमध्ये दुसरं सिम घालता यावं म्हणून देशाच्या संसदेपर्यंत जावं लागलं!

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण रोजच्या. फोन चालू करताना फोन बनवणाऱ्याआधी कंपनीचं चिन्ह येतं. कंपनीची चार-पाच ॲप आहेत जी काढता येत नाहीत, फक्त 'अक्षम' करता येतात, आणि एका मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा सक्षम होऊन बसली. सुरक्षेचे अपडेट मैत्रिणीच्या फोनला आधी येतात, मला नंतर, कारण माझ्या फोनचे अपडेट कंपनीच्या तपासणीतून यावे लागतात. जो फोन मी बँकेच्या कामाला वापरते त्याची दुरुस्ती अशी रखडत ठेवणं मला काळजीचं वाटतं. व्हिडिओ धूसर दिसतो, वेग मोजला तर भरपूर येतो. व्हीपीएन लावला की तोच व्हिडिओ स्वच्छ. म्हणजे व्हिडिओ ओळखून त्याचा दर्जा उतरवला जातोय. हे करारात आहे, पण इतक्या आत, की मला ते आधी दिसण्यापेक्षा नंतर शोधावं लागलं.

दुकानातल्या व्यवस्थापकांशी मी हे सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं नेटवर्कच्या भल्यासाठी असतं." एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते हे खरंच आहे. पण हे उत्तर फार जुनं आहे आणि प्रत्येक वेळी ते तपासून घ्यायला हवं. अमेरिकेतच विसाव्या शतकाच्या मध्यावर टेलिफोनच्या बेल कंपनीने हश-ए-फोन नावाच्या एका साध्या टोपीला बंदी घातली होती. ती फोनच्या तोंडाशी लावायची, म्हणजे शेजारच्याला बोलणं ऐकू जाऊ नये. ना तार, ना वीज. तरी कंपनीचं म्हणणं होतं की बाहेरची वस्तू फोनला लावायची नाही. १९५६ मध्ये न्यायालयाने ग्राहकाची बाजू घेतली. मग टेक्ससच्या थॉमस कार्टर यांचं कार्टरफोन आलं. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला टेलिफोनच्या लाइनशी जोडून देणारं यंत्र. बेल कंपनीने तेही नाकारलं, आणि १९६८ मध्ये दूरसंचार आयोगाने सांगितलं की नेटवर्कला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपलं यंत्र जोडता आलं पाहिजे. पुढे घरोघरी आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम आले ते याच वाटेने. मोडेम नसता तर घराघरात इंटरनेट कधी पोचला असता कोण जाणे.

मोबाइल आल्यावर तेच उत्तर पुन्हा निघालं. २००४ मध्ये व्हेरायझनने मोटोरोलाचा व्ही७१० विकायला आणला, त्यात ब्लूटूथ होतं पण त्यावरून फोटो आणि फाइली पाठवण्याची सोय काढून घेतलेली. फोटो फोनबाहेर काढायचा तर कंपनीच्या नेटवर्कवरून, पैसे भरून. ग्राहकांनी पुढच्या वर्षी सामूहिक दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. २०१२ मध्ये ॲपलने आपली फेसटाइम ही व्हिडिओ कॉलची सोय मोबाइल डेटावर चालेल असं केलं, तर एटी अँड टीने ते फक्त ठरावीक नव्या प्लॅनवाल्यांना दिलं. बाकीच्यांचा फोन तोच, डेटा विकत घेतलेलाच. टीका झाली तसं हळूहळू सगळ्यांना दिलं, आणि त्यांचं नेटवर्क काही कोसळलं नाही. २०११ मध्ये व्हेरायझनने गॅलेक्सी नेक्सस या फोनवर गूगल वॉलेट हे पैसे भरण्याचं ॲप येऊ दिलं नाही, आणि ती कंपनी स्वतःच आणखी दोन कंपन्यांसोबत पैसे भरण्याची वेगळी सेवा उभी करत होती. आणि 'अमर्याद' म्हणून विकलेल्या डेटाचा वेग गुपचूप उतरवल्याबद्दल एटी अँड टीने २०१९ मध्ये सहा कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. या प्रत्येक वेळी नेटवर्कचं भलं म्हणजे काय होतं ते आपण पाहिलंच. म्हणून व्यवस्थापकांना मी एवढंच म्हणाले की, माझ्या लॅपटॉपचे दहा जीबी नेटवर्कला जड होतात आणि ॲड-ऑन घेतल्यावर तेच दहा जीबी हलके होतात, हे कसं, ते मला समजावून सांगा. ते म्हणाले, "धोरण वरून येतं, मॅडम."

नेटवर्कला चार तारे दिलेत ते मनापासून. प्रवासात, तळघरातल्या सभागृहात, गर्दीत, जिथे इतरांचे फोन शोधत बसतात तिथे हे सिम पकडतं. टॉवरवर चढून काम करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलंय. त्यांच्या कष्टावर विक्री विभागाने हे असं आवरण चढवावं याचं वाईट वाटतं. हे सिम टाकून द्यावं असं मला म्हणूनच वाटत नाही.

घेणार असाल तर दुकानात सही करण्याआधी तिथल्या नमुन्याच्या फोनवर नाही, तुमच्यासाठी काढलेल्या डब्यातल्या फोनवर, तुमचंच सिम घालून हॉटस्पॉट लावून पाहा, आणि तो लागून दुसऱ्या उपकरणावर पान उघडेपर्यंत उठू नका. स्वतःचा फोन घेऊन जात असाल तर मॉडेलचं दुकानात लिहिलेलं नाव पुरत नाही, मॉडेल क्रमांक आणि आयएमईआय देऊन विचारा की व्होल्टे आणि वाय-फाय कॉल दोन्ही चालतील का, आणि उत्तर संदेशात किंवा ईमेलवर मागा. मग एक कॉल लावा आणि बोलताना वरचं चिन्ह बदलतं का ते पाहा. कुलूप कुठल्या तारखेला आणि कसं निघेल, ते पावतीवर हाताने लिहून घ्या. विक्रेता टाळाटाळ करेल, पण पेन त्याच्याकडेच असतो.

सध्या माझ्याकडे दोन फोन आहेत. हप्त्याच्या फोनवर बाबांचे आणि कामाचे कॉल, आणि जुन्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, फक्त हॉटस्पॉटसाठी. त्या सिमवर लॅपटॉप जोडायला कुणी हरकत घेत नाही, रेंज मात्र मधूनमधून जाते. कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. तीन गोष्टी मागितल्या: बंद केलेली सोय सेटिंगमधून गायब न करता तिथेच दाखवून "कंपनीने बंद केली आहे" असं लिहावं, मोजक्या डेटावरचं हॉटस्पॉटचं ॲड-ऑन रद्द करावं, आणि व्होल्टेसाठी न तपासलेल्या फोनांना यादीत "तपासलेला नाही" असं म्हणावं. "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं उत्तर आलं. मी उलट लिहिलं की ही सूचना नाही, तक्रार आहे, तिला क्रमांक द्या. क्रमांक मिळाला आहे. विभागाचं उत्तर आलं की ते जसंच्या तसं इथे खाली जोडेन, आणि त्यांनी ती ओळ माझ्या सेटिंगमध्ये परत आणली तर तारेही त्याच दिवशी बदलेन.